उणे नऊ

१

कार्यालयात तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटे. ओसाड पडलेल्या जुन्या इमारती नव्या कामाला लावता येतील का, एवढं आधी तपासून घ्यायला तिथला निधी पैसे देत असे. दुरुस्तीला छदाम नाही, नुसतं "जमेल का हो?" असं विचारण्यासाठी. "आपण जेवण घालत नाही, भूक आहे का तेवढं विचारतो," असं ती नव्या कारकुनांना सांगे आणि स्वतःच हसे.

त्या तपासणीचे अहवाल तिच्या टेबलावर यायचे. लाल पेन्सिल कानावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पहिलं पान कधीच नाही. पहिल्या पानावर सगळे गोडच बोलतात, असं तिचं म्हणणं. ती आधी मागची परिशिष्टं उघडायची. आकड्यांचे तक्ते तिथे असतात आणि माणसं लबाडी करतात ती तिथेच.

त्या गुरुवारी जुन्या टपालघराची फाईल आली. पत्रं वेगळी करायचं वरच्या मजल्यावरचं लांबलचक सभागृह, तीस वर्षं बंद. तिथे वाचनालय काढायचं होतं. पुस्तकं म्हणजे दगडासारखी जड, तेव्हा लाकडी जमीन तो भार पेलेल का, याची चाचणी घेतली होती. चाचणी अगदी साधी असते. जमिनीखालच्या तुळयांना खालून घड्याळासारखी गोल यंत्रं टेकवायची. वर पाण्याची पिंपं ठेवली की जमीन केसभर दबते आणि काटा पुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी पिंपं काढली की जमीन पुन्हा वर येते आणि काटा मागे येतो. पण पुरता मागे कधीच येत नाही, कारण लाकूड म्हाताऱ्या माणसासारखं असतं, वाकलं की थोडं वाकलेलंच राहतं.

सहाव्या घड्याळापाशी तिची पेन्सिल थांबली. भार ठेवल्यावर काटा तबकडीवरची बेचाळीस घरं पुढे गेला होता. भार काढल्यावर मागे आला तो एक्कावन्न घरं.

म्हणजे उणे नऊ. पिंपं ठेवण्यापूर्वी, सभागृह रिकामं असताना जमीन जिथे होती, त्याच्याही वर ती आली होती.

"काय थापा मारतात एकेक!" असं पुटपुटत तिनं चाचणी घेणाऱ्याची सही पाहायला पान उलटलं. सही तिच्या धाकट्या भावाची होती.

२

घरात त्याला लहानपणापासून थापाड्या म्हणत. आधी ते लाडाचं होतं. आईच्या तोंडी तर तो अजूनही सोन्याच होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका गोदामाची तपासणी घरबसल्या केली, दुसऱ्याच इमारतीचे आकडे उतरवून दिले, आणि तो अहवाल नेमका ताईच्या चाळणीत आला. तिनं तो दाबला नाही, वर कळवला. त्याचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात पडली आणि कायमची पलंगाला लागली.

"एक काम," तेव्हा तिनं त्याला दारातच सांगितलं होतं, "तुझं एक काम माझ्या चाळणीतून खरं निघू दे, मग आईला भेटायला ये. तोवर या घरात पाऊल टाकायचं नाही."

तो शब्द त्यानं पाळला होता. आई रोज विचारी, "सोन्या आला का गं?" आणि ती रोज म्हणे, "येईल, येईल." डॉक्टरांनी मात्र गेल्या महिन्यात तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस धरू नका.

नात्यातल्या माणसाची फाईल तपासायची नाही, असा नियम होता. तिनं ती साहेबांकडे परत द्यायला हवी होती. तिनं ती पिशवीत घातली आणि घरी नेली. आई झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून तिनं तक्ता पुन्हा पाहिला. तीन तासांनी सहाव्या घड्याळाची उणे नऊ तशीच होती, आणि वर काहीच नसताना तिसरं घड्याळ नऊ घरं पुढे गेलं होतं. थापाड्यानं ते सगळं वेळेसकट, खाडाखोड न करता लिहून ठेवलं होतं.

खोटं लिहिणारा इतकं वेडगळ खोटं कशाला लिहील? पहिला विचार हाच आला, आणि तिला हायसं वाटलं. मग आठवलं की दहा वर्षांचा असताना यानंच तिला शिकवलं होतं, "ताई, थाप पचवायची असेल ना, तर तिच्यात एक वेडी गोष्ट घालायची. म्हणजे लोकांना वाटतं, हे कुणी रचून सांगणार नाही."

तिनं त्याला फोन लावला. दोन वर्षांनी.

"शनिवारी सकाळी टपालघरात ये. घड्याळं घेऊन ये. माझ्यासमोर लाव."

"तायडे, तुझ्याकडेच आली फाईल? अगं..."

"अकरा वाजता," म्हणत तिनं फोन ठेवला.

३

शनिवारी ऊन चांगलं होतं. टपालघराच्या तळमजल्यावर फरशी, वर उघड्या तुळया, मध्ये उंच खिडक्यांतून येणारा उजेड. धूळ सोडली तर घाबरावं असं तिथे काही नव्हतं. थापाड्या आधीच येऊन बसला होता. केस पांढरे झाले होते, सदरा इस्त्रीचा होता. तो पाया पडायला वाकला तशी ती मागे सरली.

"ते नंतर. आधी वर कोण आहे ते बघू."

"वर कोण असणार? उंदीरसुद्धा नाहीत. त्यांनाही परवाना लागत असेल," तो हसून म्हणाला. ती हसली नाही.

जिना एकच होता, लाकडी. सभागृहात ती एकटी गेली. या टोकाला जिन्याचं दार, त्या टोकाला दार-खिडकी नसलेली आंधळी भिंत, मध्ये चाळीस पावलं मोकळी जमीन. कपाट नाही, पडदा नाही, पोटमाळा नाही. बाजूच्या खिडक्यांना बाहेरून लोखंडी जाळ्या ठोकलेल्या, त्यांतून ऊन आत येत होतं. तिनं भिंतीसुद्धा टकटक करून पाहिल्या. पाय टाकला की फळी कुरकुरायची आणि उचलला की पुन्हा कुरकुरायची, जुन्या जमिनीचं असतं तसंच. आंधळ्या भिंतीपासून सात-आठ पावलांवरची एक फळी तेवढी तिनं पाय टाकूनही वाजली नाही. तिनं दोनदा पाय आपटला. ती आधीच दबलेली असावी, तशी गप्प राहिली.

बाहेर येऊन तिनं दाराला स्वतःच्या पिशवीतलं कुलूप घातलं. किल्ली मुठीत धरून ती खाली आली.

"घरून कुलूप आणलंस?" थापाड्या म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"हो, आणलं."

४

त्यानं सात घड्याळं उंच स्टँडवर ओळीनं लावली. पहिलं जिन्याशी, सातवं आंधळ्या भिंतीशी. हात सराईत होते, हे तिलाही मान्य करावं लागलं. शेवटी त्यानं एकेक तबकडी फिरवून काटे शून्यावर आणले.

"सभागृह रिकामं, म्हणून शून्य," तो म्हणाला. "सगळे असंच करतात. शून्य कुठे आहे ते आपणच ठरवायचं असतं."

मग दोघं दोन खुर्च्यांवर बसली. त्यानं थर्मासमधला चहा ओतून तिच्यापुढे धरला. तिनं घेतला, पण डोळे त्याच्या हातांवर होते. आईचं कसं चाललंय, त्यानं विचारलं. खाते थोडंफार, ती म्हणाली. अजून रागावते का, त्यानं विचारलं.

"तुझ्यावर? तुझ्यावर ती कधी रागावली होती?"

तो खाली मान घालून कपाशी चाळा करत राहिला. "तायडे, या वेळी मी खरंच केलंय गं सगळं. पिंपंसुद्धा स्वतः भरली. आकडे विचित्र आलेत हे मला कळत नव्हतं का? एक आकडा बदलला असता तर तुला संशयही आला नसता. पण म्हटलं, नको. जे दिसलं ते लिहायचं."

विश्वास ठेवावा असं तिला मनापासून वाटलं, आणि म्हणूनच ती अधिक सावध झाली. हा गोड बोलायला लागला की काहीतरी असतंच.

वर एक फळी कुरकुरली.

सहाव्या घड्याळाचा काटा मागे गेला. झटका नाही, घाई नाही. एक, दोन, तीन, करत उणे नऊवर जाऊन थांबला. आणि लगेच पाचव्याचा पुढे निघाला. अधिक नऊ.

"हात वर कर," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही हात वर! लोहचुंबक आहे का खिशात? दोरी बांधलीयेस कुठे?"

त्यानं हात वर केले. चहाचा कप हातातच होता, तो सांडून त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर ओघळला. तिनं त्याचे खिसे तपासले, घड्याळांच्या मागे बोट फिरवलं, स्टँडच्या पायांशी वाकून पाहिलं. काही सापडलं नाही. पाचवा काटा शून्यावर परतला होता. वर पुन्हा कुरकुर झाली आणि सातवा नऊ घरं पुढे गेला. सहावा मात्र तिथेच, उणे नऊवर.

तिनं किल्ली त्याच्यापुढे धरली. "तू वर जा. घड्याळांपासून लांब. मी इथून बघते."

५

तो जिना चढला, कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग त्याची पावलं. पहिला काटा सहा घरं पुढे जाऊन परतला, मग दुसरा, मग तिसरा. थापाड्याचं वजन सहा घरं. हिशेब चोख होता, यंत्रं बरोबर होती.

आणि सातवं घड्याळ अजून अधिक नऊ दाखवत होतं. म्हणजे दीड माणसाएवढं काहीतरी त्या टोकाला होतं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर याचा कुणी साथीदार आहे! कुठे तरी लपवून ठेवलाय, माझ्या नजरेतून सुटला, आणि दोघं मिळून मला खेळवतायत. तिला भयंकर संताप आला. आजारी आईचं नाव काढून, मान खाली घालून, याही वेळी!

"आहेस तिथेच थांब!" ती ओरडली. त्याक्षणी तो चौथ्या घड्याळावर होता. काटा सहावर थांबला.

"थांबलो." त्याचा आवाज फळ्यांच्या फटींतून आला.

"समोर कोण आहे?"

"कोणी नाही."

सातवा काटा शून्यावर आला. सहावा उणे नऊवरून वर आला, तोही शून्यावर.

"थापाड्या, अजून वेळ आहे. कोण आहे ते सांग. मी वर कळवणार नाही."

"अगं, कोणी नाही! मी एकटा आहे. पूर्ण खोली दिसतेय मला. तायडे, खाली येऊ का?"

"नाही."

"मला इथे बरं वाटत नाहीये."

"बरं वाटायला पाठवलं नाही तुला. हलू नकोस. हललास तर आजच अहवाल फेटाळते."

तो हलला नाही. चौथा काटा सहाच्या रेघेवर खिळ्यासारखा उभा होता. लहानपणी लपाछपीत दोन मिनिटं ज्याला एका जागी बसवत नसे, तो तिच्या एका शब्दासाठी वर पुतळ्यासारखा उभा होता.

सहावा उणे झाला. पाचवा अधिक झाला.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपल्याला एकाच माणसाचा श्वास ऐकू येतोय. फटींतून त्याच्या पायांच्या जागी सावली दिसत होती, दोन चपलांची. पाचव्या घड्याळावरच्या फटी स्वच्छ होत्या. त्यांतून उजेड येत होता, सरळ, अखंड. फळी मात्र मध्यावर खाली वाकलेली होती.

"पळ," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

पाचवा शून्यावर आला.

चौथा सहावरून निघाला. सात, आठ, नऊ. दहा. अकराला जरा थबकला. मग पंधरा.

"ताई?" वरून थापाड्या म्हणाला. "झालं का?"

६

"झालं," ती म्हणाली. "ये खाली."

पावलं परत निघाली. एकाच माणसाची पावलं, त्याचीच, जरा ओढत टाकलेली. तिसरा काटा पंधरा. दुसरा पंधरा. पहिला पंधरा. मग सगळे शून्यावर, सहाव्याची उणे नऊ तेवढी राहिली. आता ती शेवटपर्यंत तशीच राहणार हे तिला कळून चुकलं होतं.

जिना कधी इतका वाजला नव्हता.

तो समोर येऊन उभा राहिला, आणि तो अगदी तोच होता. कपाळावर घाम, बाहीवर चहाचा डाग. त्याला घड्याळं दिसली आणि तो लहान मुलासारखा फुलला. "सहावा उणे नऊ! बघ! मी वर असताना! आता तरी पटलं? खोटं बोललो का मी?"

नाही, तू खोटं बोलला नाहीस, सोन्या. तिला हे ओरडून सांगावंसं वाटलं. त्याला जवळ घ्यावं, दोन वर्षांची भरपाई करावी, असं वाटलं. त्यानं एकेक घर खरं लिहिलं होतं. चुकला असेल तर एवढाच, की भरल्या सभागृहाला त्यानं शून्य मानलं. आणि तीही चुकली होती. तिनं त्याला पळू दिलं नव्हतं.

"चल," तो म्हणाला, "मी मागून स्कूटरनं येतो. आईला आधी सांगू नकोस हं. एकदम समोर जाऊन उभा राहतो."

तिला पलंग दिसला. पलंगावरची, कूससुद्धा बदलता न येणारी आई दिसली.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"मला पटलेलं नाही. आकडे खोटे आहेत. कसे केलेस ते मला कळलं नाही, पण खोटे आहेत. अहवाल फेटाळला."

बोलताना ती त्याच्याकडे बघू शकली नाही. मग त्यानं घड्याळं एकेक करून काढली, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. पेटी उचलताना म्हणाला, "दुसऱ्या कुणी खोटं म्हटलं असतं तर चाललं असतं गं मला."

दारापर्यंत तो गेला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती. हेतू एवढाच, की आपल्यामध्ये आणि त्याच्यामध्ये जितकं अंतर राहील तितकं राहावं.

७

गाडीत ती अर्धा तास नुसती बसली. अहवाल मांडीवर होता. फेटाळावा तर त्याचा परवाना कायमचा जाणार, मान्य करावा तर तो आज ना उद्या हक्कानं घरी येणार. पेन्सिल हातात धरून ती स्वतःलाच समजावत राहिली. जुनं लाकूड, उन्हानं ताणलेल्या तुळया, बिघडलेली घड्याळं. तिच्याकडे असं कारण घेऊन कुणी आलं असतं तर तिनं त्याला दारातून परत पाठवलं असतं.

घरी पोहोचली तेव्हा शेजारीण जिन्यात भेटली. दुपारी आईकडे तीच बघायची, किल्लीही तिच्याकडेच असे.

"अहो, भाऊ येऊन गेले तुमचे," ती आनंदानं म्हणाली. "आत सोडलं मी त्यांना. डोळे इतके लाल झालेले, नाही म्हणवेना."

चाळणीबाई दोन-दोन पायऱ्या चढली.

आईच्या खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. आई उशीला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता, जसा दोन वर्षांत कधी दिसला नव्हता.

"आला होता गं सोन्या माझा! म्हणाला, ताई मला जन्मभर खोटाच म्हणणार, मग तिची परवानगी कशाला बघू. तू नको रागावूस त्याला. पाच मिनिटं बसला फक्त, इथे, माझ्याशेजारी. केवढा भरलाय अंगानं! बसला आणि मी घसरलेच की त्याच्याकडे. हसलो आम्ही दोघं."

"आता कुठे आहे तो?"

"गेला. जाताना म्हणाला, आई, किती हलकं वाटतंय तुला भेटून."

चाळणीबाई उंबऱ्यावरच उभी होती. पलंगावर, आईच्या शेजारी, चादर ताणली गेली होती आणि गादी खोल दबलेली होती. तिथे कोणीही नव्हतं.

"गादीचा कापूस बदलायला हवा गं," आई म्हणाली. "तो उठून गेला तरी वर येत नाहीये बघ. जरा हात दे, मला सरळ कर." आणि बोलता बोलता ती आणखी थोडी त्या बाजूला कलली.